जादूच्या गावच्या हट्टी मुली

साठी गाठलेल्या बाईनं काय वाचावं, याविषयी आपल्याकडे काही अलिखित संकेत आहेत. संतचरित्रं चालतात, आरोग्यविषयक पुस्तकं चालतात, प्रवासवर्णनं तर उत्तमच. फार झालं तर एखादी कौटुंबिक कादंबरी. पण ड्रॅगन, मांत्रिक, बोलणारी अस्वलं आणि चालते किल्ले असलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं एखादी बाई चष्मा पुसत पुसत वाचते आहे, हे लोकांच्या काही पचनी पडत नाही. ‘नातवासाठी का?’ असं मला इतक्यांदा विचारून झालं आहे, की हल्ली मी नुसती हसते. नातवासाठी नाही हो, माझ्यासाठीच!

हा नाद लागला तो ऐंशीच्या दशकात. बँकेत नव्यानं नोकरीला लागले होते आणि पगाराच्या दिवशी फोर्टमधल्या फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची चैन परवडत होती. तिथून सुरू झालेलं हे वाचन संसार, मुलं, बदल्या, आजारपणं या सगळ्यांतून टिकलं. अर्थात, जादू दिसली की वाच, असं माझं नाही. मला त्या जादूच्या गावात एक विशिष्ट माणूस भेटावं लागतं. हट्टी, प्रश्न विचारणारी, सांगितलेलं मुकाट्यानं न ऐकणारी मुलगी. किंवा बाई. किंवा म्हातारी सुद्धा.

कारण लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतली राजकन्या मला तेव्हाही खटकायची. सात समुद्रांपलीकडच्या वाड्यात राक्षसानं तिला कोंडलेलं असायचं. राक्षसाचा प्राण कुठल्या पोपटात आहे, हे त्याच्याशी गोड बोलून काढून घेणारी तीच. म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम तिचं. पण पोपटाची मान मुरगळणारा राजपुत्र शूर ठरायचा आणि अर्धं राज्यही त्यालाच मिळायचं. तिच्या वाट्याला लग्न.

वास्तववादी कादंबरीत बाई सोसते तेव्हा लेखकाला म्हणता येतं, ‘काय करणार, समाजच तसा आहे.’ अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याला ही सबब नाही. तो चंद्र दोन करू शकतो, झाडांना चालवू शकतो. एवढं सगळं बदलूनही त्याच्या जगातली बाई जर खिडकीत बसून वाटच पाहत असेल, तर तो त्या लेखकाच्या सवयीचा दोष. आपल्याच देशात हे फार आधी ओळखलं ते बेगम रुकैया यांनी. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये १९०५ साली त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा आली. त्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात राहतात, बायका विद्यापीठं चालवतात, ढगातून पाणी उतरवून घेतात, सूर्याच्या उष्णतेनं शत्रूला पळवून लावतात आणि हवेतल्या गाडीतून फिरतात. पडद्यात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं हे लिहिलं!

आता नायिका बंडखोर करायची म्हणजे तिच्या हातात तलवार द्यायची, असा एक सोपा समज आहे. तलवारीची मला ॲलर्जी नाही. पण तलवारीनं भागत नाही. जैमिनीच्या अश्वमेधात स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडवते, आणि शेवटी त्याच्याशी लग्न करते. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) इओविन पुरुषवेशात रणांगणावर जाते. कुणा पुरुषाच्या हातून आपल्याला मरण नाही या भरवशावर असलेल्या त्या भयंकर सरदाराला ती संपवते. तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण लढाई संपते, तिचं लग्न ठरतं आणि गोष्ट तिला निरोप देऊन पुढे जाते. दोन्ही ठिकाणी शौर्य हा बाईच्या आयुष्यातला एक अपवादाचा दिवस आहे. उरलेल्या दिवसांचं काय?

पुरुषवेशाचीच गोष्ट, पण उरलेल्या दिवसांसकट लिहिली ती टॅमोरा पिअर्स यांनी. त्यांची अलॅना १९८३ साली अवतरली. अलॅनाला सरदार व्हायचं आहे, तिच्या जुळ्या भावाला जादू शिकायची आहे. दोघं जागा बदलतात आणि ती मुलगा बनून राजवाड्यात शिकायला राहते. एके सकाळी तिला पहिली पाळी येते. काय झालं ते तिला कळत नाही, घाबरून ती एका मित्राच्या आईकडे जाते. ती वैदू बाई तिला न ओरडता, न लाजवता सगळं समजावून सांगते. पुरुषवेशात लढणाऱ्या इतक्या वीरांगना आपण ऐकल्या, पण त्यांना शरीर असतं हे कुणी सांगितलं होतं का? पिअर्स पूर्वी आयडाहो राज्यात किशोरवयीन मुलींच्या एका निवासात काम करत. तिथल्या मुलींना त्यांनी ही गोष्ट आधी तोंडी सांगितली होती. समोर खऱ्या मुली बसलेल्या असल्या, की गोष्टीलाही खरं व्हावं लागतं.

ऑक्सफर्डला टॉल्किन यांची व्याख्यानं ऐकलेल्या डायना विन जोन्स यांनी तर तलवारच काढून टाकली. त्यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) मधली सोफी तीन बहिणींतली थोरली. परीकथेत यश नेहमी धाकट्याला मिळतं, तेव्हा आपल्या नशिबी काही नाही, असं धरून ती टोप्यांच्या दुकानात मान खाली घालून शिवत बसते. एक चेटकीण तिला शाप देऊन म्हातारी करते. आणि गंमत अशी की तिथूनच तिचं आयुष्य सुरू होतं! म्हातारीला कोण काय म्हणणार? ती घर सोडते, एका नखरेल जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात शिरते, त्याला फैलावर घेते, जळमटं काढते, चुलीतल्या भुताशी सौदा करते. जे तरुणपणी ओठांवर आलं नाही, ते म्हातारीच्या आवाजात ठणकावून बोलते. आपल्या बोलण्यातच जादू आहे, हे तिला फार उशिरा कळतं. जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांनी २००४ साली यावर सुंदर चित्रपट केला. पण पुस्तकातली सोफी अधिक भांडखोर आहे, आणि म्हणून मला अधिक जवळची आहे. पन्नाशीनंतर ‘लोक काय म्हणतील’ हे भूत मानेवरून उतरतं, हा अनुभव अनेकींना असेल.

फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) मधली लायरा उलट अगदी लहान, अकरा-बारा वर्षांची. ऑक्सफर्डसारख्याच एका शहरात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, पण गल्लीतल्या पोरांत वाढलेली, मळकट आणि अट्टल थापाडी. चांगली मुलगी खोटं बोलत नाही, असं आपण शिकवतो. लायरा इतकं उत्तम खोटं बोलते, की अस्वलांच्या कपटी राजालाही फसवते. पण या मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘द अंबर स्पायग्लास’ (२०००) मध्ये, ती मृतांच्या प्रदेशात पोचते. तिथल्या पक्षीरूप राक्षसिणी तिची रचलेली गोष्ट ऐकून तिच्यावर तुटून पडतात. ती खरं, स्वतः जगलेलं सांगू लागते, तेव्हा मात्र त्या शांत बसून ऐकतात. गोष्ट सांगून जीव वाचवणारी शहाजादी आपल्याला ठाऊक आहे. गौरी देशपांडे यांनी ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणून तिला आपल्या घरात बसवली. लायरा तिचीच धाकटी बहीण. आणखी एक तपशील मला मोलाचा वाटतो. सत्य सांगणारं एक यंत्र लायराला उपजत वाचता येतं. मोठी होताना ती देणगी नाहीशी होते, आणि तेच आता वर्षानुवर्षं अभ्यास करून शिकायला ती तयार होते. हुशार मुलींना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

टेरी प्रॅचेट हा मुळात विनोदी लेखक. त्याच्या ‘द वी फ्री मेन’ (२००३) ची नायिका टिफनी नऊ वर्षांची आहे, मेंढपाळांच्या घरातली, चीज करण्यात तरबेज. नदीतल्या राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असं पुस्तकात वाचल्यावर ती बशी मोजून पाहते. आठ इंच! मग तळणीचा जाड तवा हातात घेऊन ती राक्षसिणीला सामोरी जाते. पण या विनोदाच्या तळाशी एक दुःख आहे. गावात एक एकटी म्हातारी राहायची. दात पडलेली, स्वतःशी बोलणारी. गावकऱ्यांनी तिला चेटकीण ठरवलं, घराबाहेर काढलं आणि ती बर्फात मेली. टिफनी विचारते, की ती चेटकीण होती हे कुणी तपासलं होतं का? आणि त्यानंतरच ती ठरवते, की आपण चेटकीण व्हायचं, म्हणजे असं पुन्हा कुणाचं होऊ द्यायचं नाही.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या सातपुड्याच्या भागात बाईला ‘डाकीण’ ठरवून छळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. करणी करते असा ठपका ठेवून कुणाला छळणं हा महाराष्ट्रात गुन्हा ठरला तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर. त्या एकट्या म्हातारीला मुलांच्या पुस्तकात जागा देणं म्हणजे काय, हे आपल्याला अधिक कळायला हवं. तशी आपल्याकडे एक म्हातारी आहेच. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवून पाहा. राजाच्या हुकमानं गावानं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलं, मुलं-वासरं उपाशी राहिली आणि गाभारा काही भरला नाही. घरातल्यांना आणि वासरांना आधी पोटभर देऊन उरलेलं खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीच्या हातून तो भरला. तिनं राजाचा हुकूम मोडला होता. या बंडाकडे आमचं लक्ष कुणी वेधलं नाही, एवढंच.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची आहे तेनार. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेनं १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहून असंख्य बेटांचं एक जग उभं केलं. तिथं जादूचं मूळ नावात आहे. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळतं त्याची त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव जिवापाड जपतात, अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगतात आणि एरवी दुसऱ्याच नावानं वावरतात. या मालिकेतलं दुसरं पुस्तक ‘द टूम्स ऑफ अतुआन’ १९७१ चं. त्यात पाच वर्षांच्या तेनारला आईबापांपासून तोडून वाळवंटातल्या एका देवस्थानात आणतात. ती म्हणे मेलेल्या थोरल्या पुजारणीचा पुनर्जन्म. एका विधीत तिचं नाव काढून घेतलं जातं. यापुढे ती ‘अर्हा’, म्हणजे गिळलेली. अंधाऱ्या भुयारांची ती मालकीण. तिथे दिवा न्यायची मनाई, म्हणून भिंतीला हात लावत, वळणं मोजत ती तो चक्रव्यूह पाठ करते. लोक तिला पूज्य मानतात, पण अंगणात खेळायची सोय नाही. एक दिवस गेड नावाचा मांत्रिक चोरी करायला भुयारात शिरतो. तिनं त्याला मारायला हवं. ती मारत नाही. तो तिला तिचं नाव सांगतो आणि दोघं बाहेर पडतात.

हे पुस्तक मी वाचलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पुढे १९८९ साली, ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणाच्या मनात वाईटही नव्हतं. पेढे वाटले गेले, नाव छान आहे असं सगळे म्हणाले. बँकेच्या हजेरीपटावर जुनं नाव राहिलं, घरात नवं रुजलं. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये मी एक असायची आणि संध्याकाळी दार उघडलं की दुसरी. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी अशा दोन नावांत जगल्या. त्याचं दुःख करावं एवढं ते मोठं नाही, असंच मी स्वतःला सांगत असे. पण त्या तांदळाच्या ताटासमोर बसले असताना मला अर्हा आठवली होती, हे खरं.

आईची नजर शेवटच्या वर्षांत अधू झाली. दुपारच्या चहानंतर मी तिला वाचून दाखवायची; इंग्रजी पुस्तक हातात घेऊन जमेल तसं मराठीत सांगत जायची. तेनारची गोष्ट तिनं अवाक्षर न काढता ऐकली. पुस्तक संपल्यावर म्हणाली, ‘पोरीला नाव परत मिळालं, बरं झालं. पण तेही त्या मांत्रिकानंच द्यायचं का गं?’

मला उत्तर सुचेना. पण हाच प्रश्न ले ग्विन यांनाही पडलेला होता. त्यांच्या अर्थसीत मांत्रिकांची मोठी शाळा होती आणि तिथे फक्त मुलगे शिकत. बायकांची जादू म्हणजे हलकी, असं तिथली म्हणच सांगायची. हे जग तर त्यांनीच निर्माण केलेलं! कल्पनेलाही सवयीचं जोखड असतं ते असं. १९७२ साली तिसरं पुस्तक आलं आणि मालिका संपली असं सगळे धरून चालले. अठरा वर्षांनी, १९९० साली, त्यांनी ‘तेहानू’ लिहिलं आणि त्याच जगाकडे बाईच्या जागेवरून पुन्हा पाहिलं.

‘तेहानू’मधली तेनार चाळिशी ओलांडलेली शेतकऱ्याची विधवा आहे. शिकून विदुषी होण्याची संधी सोडून तिनं संसार केला, दोन मुलं वाढवली. आता ती एका लहान मुलीला घरी आणते. स्वतःच्याच माणसांनी मारून आगीत ढकललेली ही पोर, अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेलेला. लोक तिच्याकडे पाहायचं टाळतात. जगातला सर्वांत मोठा मांत्रिक गेड आपली सगळी विद्या गमावून परततो आणि शेळ्या राखू लागतो. लढाया जवळजवळ नाहीतच. या जळलेल्या लेकराला भीतीशिवाय झोप कशी लागेल, रात्री दाराला अडसर कोण घालेल, हे इथले प्रश्न. तेनारचा मोठा झालेला मुलगा समुद्रावरून घरी येतो. जेवण झाल्यावर ती त्याला त्याची ताटली उचलायला सांगते, तर तो ते बायकांचं काम म्हणून झटकून टाकतो. गेड मात्र मुकाट्यानं भांडी घासत आलेला असतो. ड्रॅगन असलेल्या पुस्तकात मला सगळ्यात धीट वाटलेला प्रसंग हा खरकट्या ताटलीचा. मुलगे आपण कसे वाढवले, हे तेनार स्वतःला विचारते, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. शेवटी सगळ्यांना वाचवते ती तीच जळलेली पोर, आणि तिचं खरं नाव कुणी मांत्रिक सांगत नाही.

आईनं ताटलीचा प्रसंग मला दोनदा वाचायला लावला. मग बऱ्याच वेळानं तिनं तिचं माहेरचं नाव उच्चारलं. मी ते फक्त तिच्या शाळेच्या दाखल्यावर पाहिलेलं होतं. ‘तुझा मामा गेल्यापासून त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही,’ एवढंच म्हणाली. ते नाव मी इथे लिहीत नाही. अर्थसीचा रिवाज मला पटलेला आहे.

तुम्ही म्हणाल, हा सगळा पळवाटेचा खेळ आहे. जग बदलायचं सोडून ड्रॅगन कशाला? माझं म्हणणं एवढंच, की ज्या गोष्टीची कल्पनाच केली नाही ती मागायची कशी? शूर बाई म्हणजे तलवारवाली बाई, एवढीच कल्पना आपल्या मुलींपुढे ठेवली, तर ज्यांच्या हाती तलवार येणार नाही त्यांनी काय करायचं? थापाडी लायरा, बशी मोजणारी टिफनी, म्हातारपणी तोंड उघडणारी सोफी, भांड्यांच्या ढिगापाशी न्याय मागणारी तेनार. यांतली एक तरी प्रत्येकीला आपली वाटेल. घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर टिफनीपासून सुरुवात करावी. सोळा-सतराची असेल तर ‘अतुआन’ द्यावं. ‘तेहानू’ मात्र स्वतःसाठी ठेवावं. ते चाळिशीनंतरच खरं उमगतं. ले ग्विन २०१८ साली गेल्या, प्रॅचेट त्याआधी २०१५ साली. त्यांच्या नायिकांचं वय मात्र वाचणाऱ्याबरोबर वाढत राहतं.

आणि ही पुस्तकं मुलग्यांनाही द्यावीत. किंबहुना, आधी त्यांना द्यावीत. माझ्या मुलाला लहानपणी झोपताना मी तेनारची गोष्ट सांगत असे. भुयार आणि अंधार त्याला फार आवडायचा. २०१९ साली त्याचं लग्न झालं. गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं आणि नवं नाव काय ठरलंय म्हणून विचारलं. त्यानं सुनेकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग त्यानं अंगठी घेतली आणि तांदळात तिचं होतं तेच नाव लिहिलं. माझ्या गोष्टीमुळे हे घडलं, असा दावा मी करणार नाही. काळही बदललेला आहे आणि सूनही ठाम आहे. पण मांडवातल्या त्या गर्दीत मला आईची फार आठवण झाली. ती असती तर तिनं पुढे वाकून, अधू नजरेनं का होईना, ताटातलं नाव नक्की वाचलं असतं.